टिफा गप्प का बसते
एका लेखात म्हटलंय की रोलप्ले (एकेकाने एकेक पात्र होऊन मिळून गोष्ट लिहिणं) म्हणजे नुसतं पात्रांच्या प्रेमाच्या जोड्या जुळवणं, ते काही पटलं नाही बुवा. फायनल फँटसी ७ (१९९७) या व्हिडिओ गेममध्ये गोल्ड सॉसर या मनोरंजन पार्कात नायक क्लाउडसोबत डेटवर कोण जाणार हे लपवलेल्या पॉइंट्सवर ठरतं, चक्क त्याचा दांडगा साथीदार बॅरेटसुद्धा येऊ शकतो, म्हणजे गेमनेच दार उघडं ठेवलंय ना. मी दोन वर्षं टिफा, म्हणजे क्लाउडची बालमैत्रीण, लिहितेय. निबेलहाइम या त्यांच्या गावाबद्दलची क्लाउडची आठवण चुकीची आहे हे तिला कळतं तरी ती बोलत नाही, त्या गप्प बसण्यावरच आम्ही आठवडाभर लिहीत होतो, समोरचा क्लाउड विचारायचा काय झालं आणि माझी टिफा आपली बारमागे तोच ग्लास पुसत उभी 😄 किस वगैरे अजून झालेलाच नाही. क्लाउडची जोडी दुसऱ्या नायिकेशी, एरिथशी, लावणारे एरिथवाले भांडायला येतीलच, या.