बिझनेस क्लासला 'दुप्पट भरपाई'? नाही!

'बिझनेस क्लासचं तिकीट असेल तर विमान दोन तास लेट झालं की दुप्पट भरपाई मिळते,' असा मेसेज फिरतोय. तसं काही नाही. डीजीसीएचे, म्हणजे देशातल्या विमान वाहतूक नियामकाचे, नियम उशिराच्या बाबतीत क्लास बघत नाहीत. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. लाउंजमधला उपमा वेगळा.

क्लास कामी येतो तो कंपनीने तुमच्या मनाविरुद्ध इकॉनॉमीत बसवलं तर. १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३० ते ७५ टक्के. काउंटरवर घाईघाईत 'चालेल हो' म्हणायच्या आधी हे आठवा, आणि इकॉनॉमीची २३-एफ सीट छापलेला तो नवा बोर्डिंग पास फेकू नका.