चार वर्षांची पोरगी एकटी खेळली तर काय बिघडलं?

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. वहिनी आज तालुक्याच्या कॉन्व्हेंटातून रडत घरी आली. पोरीच्या कार्डावर मॅडमनं लिहिलंय, 'इतर मुलांत मिसळत नाही.' वर तोंडी सल्ला, डॉक्टरला दाखवा. वहिनी मला विचारते, "ताई, पोरीत काही कमी आहे काय हो?"

काही कमी नाही! परवा हीच पोरगी आमच्या अंगणात तुराट्या मांडून वावर आखत होती. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खडे, तासात चिंचोके पेरलेले, मोरीचं पाणी वळवून पाट काढलेला. सकाळभर एकटी. तोंडानं बैलांना हाकलणं चालू. शेजारचं पोट्टं आलं, तेही बाजूला बसून आपलं वेगळं वावर आखू लागलं. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. मग हिचं पाणी त्याच्या वावरात शिरलं, तशी ही उठली अन् म्हणाली, "तुहा धुरा फुटला, माती आण." जेवायच्या वेळेपर्यंत दोघांचं एकच वावर झालं होतं.

याला न मिसळणं म्हणायचं?

मिल्ड्रेड पार्टेन या बाईंनी अमेरिकेत मिनेसोटाच्या बालवाडीतली दोन ते पाच वर्षांची मुलं न्याहाळून १९३२ साली हेच मांडलं. एकट्यानं खेळणं, दुसऱ्याचा खेळ पाहत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, अन् मग हळूहळू मिळून खेळणं. वय वाढतं तसा मिळून खेळ वाढतो, एवढं खरं. पण लोकांनी त्याची शिडी केली आणि एकटं खेळणारं लेकरू खालच्या पायरीवर बसवलं. पुढे १९७० च्या दशकात अभ्यासकांनी पुन्हा पाहिलं, तर एकटी खेळणारी मुलं बरेचदा काहीतरी रचण्या-बांधण्यात गुंतलेली दिसली. आमच्या पोरीचा पाट दुसरं काय होता?

बरं, मॅडमनं तिला खेळताना पाहिलं कुठं? तिथे लेकरं बाकावर कोंबून बसवलेली, हातात पेन्सिल, समोर एबीसीडी. माती नाही, पाणी नाही, एक कोपरा मोकळा नाही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात बालवाडी काढली ती लेकरांच्या अंगणातल्या पानं-खडे-शिंपल्यांवर. आमच्या गावच्या अंगणवाडीतली ताई आजही लेकरांपुढे चिंचोक्यांची परडी ठेवते अन् गप बघत बसते. तिच्या हाती पोषण आहार, वजनं, रजिस्टरं, सगळं आहे, तरी तिला तेवढं कळतं.

हो, हाक मारली तरी वळून न पाहणारं, बोलणं मागे पडलेलं लेकरू असेल तर दाखवावंच. त्यासाठी आरोग्याचं पथक अंगणवाडीत येतंच. पण ही पोरगी दिवसभर माझं डोकं खाते!

मॅडमवर तरी किती चिडू? एवढ्या लेकरांमागे त्या एकट्या, अन् आईबापांना वहीत अक्षरं दिसली पाहिजेत. वहिनीनंही कापसाच्या पैशातून फी भरली ती इंग्रजीसाठीच. तिला दोष देववत नाही मला.

पण तो कागद घरात आला अन् संध्याकाळी वहिनीनं तुराट्या उचलून चुलीजवळ टाकल्या. म्हणाली, "जा, चार पोरांत खेळ." पोरगी दारात उभी राहून रडली. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

उद्या वहिनीसोबत मी पण जाणार आहे शाळेत. तो शेरा खोडून घेणार. तुमच्याही लेकराच्या कार्डावर असं काही लिहून आलं असेल तर खाली सांगा, सोबतच जाऊ.