मामा, चॅनेल ३ रिकामं नाहीये

मामाच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक फॉरवर्ड फिरतोय. रविवारी मामाने तो वाचून वायफाय राउटरच्या सेटिंगमध्ये हात घातला, चॅनेल ३ लावलं आणि सोमवारी संध्याकाळी मला फोन. "अरे, मालिका लावली की नुसतं गोल गोल फिरतंय. आधी निदान चालायचं तरी."

फॉरवर्डचं म्हणणं असं: १, ६ आणि ११ या चॅनेलवर सगळी बिल्डिंग बसलेली असते, म्हणून ३ किंवा ८ लावा, ती रिकामी असतात. नंबर जितका मोठा तितका वेग जास्त, म्हणून राउटरचा देश 'जपान' करा, १४ उघडेल. विड्थ (चॅनेलची रुंदी) ४० करा, स्पीड दुप्पट. मायक्रोवेव्हपासून राउटर लांब ठेवा.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो पटतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ३ वर खरंच कोणी दिसत नाही. पण वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेली आहेत आणि राउटर बोलतो २० मेगाहर्ट्झ रुंदीत. चॅनेल ३ म्हणजे २४१२ ते २४३२. चॅनेल १ संपतं २४२२ ला, ६ सुरू होतं २४२७ ला. म्हणजे तुमचं 'रिकामं' ३ अर्धं १ च्या अंगावर आणि पाव ६ च्या अंगावर. एकमेकांना न शिवणारी चॅनेल म्हणून सगळीकडे सहसा १, ६, ११ हीच वापरतात, म्हणून तिथे गर्दी.

आणि गर्दी परवडते. एकाच चॅनेलवरचे राउटर नळावरच्या रांगेसारखे असतात: दुसऱ्याचं चालू असेल तर थांबतात, मग आपली बादली लावतात. ३ वाला कुठल्याच रांगेत नसतो, दोन्ही रांगांना धक्के देत मधे उभा. ८०२.११ या वायफायच्या मानकातच हे आकड्यांत आहे. आपल्या चॅनेलवरचा वायफाय सिग्नल वजा ८२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) इतका क्षीण असला तरी राउटरने ओळखून थांबायचं. जे ओळखू येत नाही, निव्वळ गोंगाट वाटतं, त्यासाठी ते वजा ६२ इतकं जोरकस झाल्यावरच थांबायचं. फरक २० डेसिबलचा, म्हणजे शंभरपट. बाजूच्या चॅनेलची कुजबुज त्याला थांबवत नाही, फक्त बोलणं बिघडवते. मग डेटाचं तेच पाकीट पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा. मामाच्या टीव्हीवर गोल फिरत होतं ते हेच. वर १ आणि ६ वाल्या शेजाऱ्यांचंही वाटोळं.

जपानचा सल्ला देणाऱ्याला तर हात जोडावेत. चॅनेलचा नंबर म्हणजे गिअर नव्हे. १४ फक्त जपानमध्ये चालतं, तेही जुन्या ८०२.११बी साठी, ज्याचा कमाल वेगच ११ एमबीपीएस. आपल्याकडे विनापरवाना पट्टा २४८३.५ ला संपतो आणि १४ चा मध्यच २४८४ वर. घरबसल्या बेकायदा, आणि वर हळू!

४० ची विड्थ: एवढ्याशा पट्ट्यात जवळजवळ अर्धी जागा एकट्याने अडवायची. सोसायटीत नको. २० ठेवा.

मायक्रोवेव्हचं मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य. तो २४५० च्या आसपास चालतो आणि थोडा गळतो. पण महाशय, तुम्ही सुचवलेल्या ८ चा मध्य २४४७ आहे. एकाच निरोपात मायक्रोवेव्हपासून पळायचं आणि त्याच्याच मांडीवर जाऊन बसायचं? चॅनेल बदलून फरक पडतो हेही खरं, पण १, ६, ११ पैकी ज्यावर शेजाऱ्यांचे सिग्नल क्षीण असतील तिथे गेलात तर.

खरी मोकळी जागा ५ गिगाहर्ट्झमध्ये आहे. तिथे २०१८ पासून आपल्याकडे ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना आहेत, खालच्या पट्ट्यात ८३.५. भिंतीपलीकडे ५ चा सिग्नल लवकर दमतो, पण मामाचा टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत आहेत.

फोनवरूनच मामाकडून राउटर ११ वर आणवला, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडवला. मालिका लागली. मग हळूच म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांना मीच ८ लावून दिलंय रे." त्यांना फोन मामाने करायचाय.