मानहानीचा दावा कसा लावावा

आपली गाडी सिग्नलला उभी असताना मागून कोणी येऊन आदळले आणि आपली मान दुखावली, तर चूक मागच्याची आहे हा गैरसमज प्रथम मनातून काढून टाकावा. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मीही याच गैरसमजात होतो. पुण्यात कर्वे रस्त्यावर लाल दिव्याचे आकडे मोजत मी निमूट उभा होतो आणि 27 वर आलो असताना एका उंच पांढऱ्या गाडीने मला ढकलत थेट झेब्रा पट्ट्यांवर नेऊन ठेवले. चालक उतरला, त्याने आधी स्वतःचा बंपर हाताने पुसून पाहिला आणि मग मला विचारले, "काका, मध्येच ब्रेक कशाला मारला?"

गेल्या आठवड्यात मोटार अपघातांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात माझ्या भरपाईच्या दाव्याची आणखी एक तारीख झाली. तेथून परतताना वाटले की हे कष्टाचे ज्ञान स्वतःपुरते ठेवणे बरे नव्हे.

पहिली सूचना अशी की, दुखणे जागच्या जागी सुरू करावे. धडक बसताच आसन धडाला पुढे लोटते, डोके मात्र क्षणभर मागेच राहते आणि मधल्या मध्ये मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. ही मंडळी आळशी असल्यामुळे खरी कळ पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी येते. तोवर आपण चारचौघांत "मला काही लागलेले नाही" असे सांगून बसलेले असतो आणि पोलीस ठाण्यात तेवढेच वाक्य लक्षात राहते.

शक्य असल्यास एखादे हाड मोडून घ्यावे. हाड मोडले की दुखापत कायद्याने आपोआप गंभीर ठरते. ते न जमल्यास भारतीय दंड संहितेत तीव्र वेदनेचे 20 दिवस भरावे लागत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने ते 15 वर आणले आहेत. सरकारने दिलेली ही पाच दिवसांची सवलत कृतज्ञतेने स्वीकारावी.

मानेचा पट्टा उपचारासाठी लवकर काढावा आणि तारखेसाठी पुन्हा घालावा.

आता क्ष-किरण चित्राविषयी. ते निर्दोष येऊ देऊ नये. माझे आले. ताणलेला स्नायू त्या चित्रात दिसत नाही हे डॉक्टरांना, विमा कंपनीच्या वकिलांना आणि बहुधा त्या यंत्रालाही ठाऊक असते, तरी प्रत्येक जण ते उजेडासमोर धरून माझ्याकडे असे पाहतो की जणू मी मान घरी ठेवून आलो आहे. कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी दाखवणारा दाखला आणा म्हणतात. तो आणला की टक्के फार कमी आहेत म्हणतात. वास्तविक राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट सांगितले आहे की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नव्हेत. त्या माणसाचा व्यवसाय काय आहे, हे पाहिले पाहिजे. मी मुद्रितशोधक आहे. आयुष्यभर मान खाली घालून पोट भरले आणि आता वीस मिनिटांवर ती खाली राहत नाही. गेल्या आठवड्यात दालनात मागून कोणीतरी माझ्या नावाने हाक मारली, मी सवयीने वळलो, कळ मस्तकात गेली. आणि समोरच्या वकिलांनी माझे ते वळणे तत्परतेने न्यायाधिकरणाच्या निदर्शनास आणून दिले! दावा दाखल करायला कायद्याने सहा महिने दिले आहेत. ही मुदत 1994 साली काढून टाकली होती, ती 2019 च्या दुरुस्तीने परत आणली. आमच्या मानेला घाई हवी, तारखांना नको.

खोटे दावे करणाऱ्यांचे आभार मानायला विसरू नये. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांचा छडा लावण्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, त्यात वकीलही अडकले. त्यांच्या पुण्याईने आज माझ्यासारख्याला आधी चोर समजून मग जखमी समजायचे की नाही ते ठरवतात. इंग्लंडने 2021 पासून अशा मानदुखीचे दरपत्रकच लावले. तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला तेव्हा 240 पौंड ठरले. रक्कम तुटपुंजी खरी, पण निदान आकडा तरी आधी कळतो.

उपरोध पुरे झाला. पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर ठेवावे, असे वाहन चालवण्याच्या 2017 च्या नियमांत लिहिले आहे. ते अंतर दोन ते तीन सेकंदांचे असावे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एका निकालात सांगितले. दोन सेकंदही तुम्हाला सोडवत नाहीत? मोकळी जागा दिसली की कोणी घुसेल म्हणून पुढच्याच्या डिकीला नाक लावून उभे राहता, मांडीवरच्या मोबाईलकडे पाहत गाडी हाकता, आणि आदळल्यावर बंपर पुसता. निर्लज्जपणाला काही सीमा? आतल्या माणसाला लागले का, एवढे विचारायला कोणते न्यायाधिकरण लागते? आणि ते "काका" आधी बंद करा. मी मध्येच ब्रेक मारलेला नव्हता. दिवा लाल होता.