"लेकरू मोठं झालं की ये" म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी इथल्या धंदेवाल्या लोकांच्या एका मीटिंगला गेले होते. कुठल्या ते सांगत नाही, कारण असं बोलणारे सगळीकडे आहेत. एक मुलगी आली होती, कडेवर दीडेक वर्षाचं पोर. तिला घरातच चार मशीन टाकून शिलाईचं काम सुरू करायचंय, कर्जाचं काय आणि कसं ते विचारत होती. तर स्टेजवरचे एक ज्येष्ठ गृहस्थ, केस धंद्यात पांढरे झालेले, अगदी प्रेमाने म्हणाले, "पोरी, लेकरू लहान आहे अजून. चार-पाच वर्षं त्याच्याकडे बघ, मोठं झालं की ये. धंदा कुठं पळून चाललाय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ती "बरं सर" म्हणून खाली बसली. माझ्यापर्यंत माईक आलाच नाही, म्हणून इथे लिहितेय आणि लांब लिहिणार आहे.

मला एवढंच सांगायचंय की ती थांबली तर ज्या वर्षांत ती सगळ्यात जास्त शिकणार तीच वर्षं वाया जाणार. लहान लेकरू सांभाळणारी बाई धंद्यासाठी अर्धवट नसते ओ, उलट तिची तयारी तिथेच चालू असते. मी कुठला मॅनेजमेंटचा कोर्स केला नाही. मला जे येतं त्यातलं निम्म्याहून जास्त घरातल्या दोन लेकरांनी शिकवलंय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीये आमचं युनिफॉर्मचं युनिट आहे. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण कुठकुठल्या शाळांचे गणवेश इथे शिवले जातात. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, त्यामुळे फेब्रुवारी ते मे मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका सीझनमध्ये, धाकटी तेव्हा साडेतीन वर्षांची, सकाळी टेम्पो दारात, माल चढवायचा, तिला बालवाडीत सोडायचं आणि ही शर्टाची बटणं घेऊन बसली. "मीच लावनार." वरचं बटण खालच्या काजात, मग काढायचं, परत लावायचं, सगळ्यात वरचं तर जाईचना. सासूबाई म्हणाल्या अगं लावून दे आणि नीघ. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न. मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले, कारण पुढे असते तर लावून टाकलं असतं. लावलं तिने. सगळी लावली. आणि वर बघून जी हसली ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि थोड्याच आठवड्यात सकाळच्या कपड्यांना माझी गरजच उरली नाही.

आता हे धंद्यात कुठे येतं बघा. त्याच सीझनला ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवर, एक अक्का नवीन लागल्या होत्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या, बोटं अशी चपळ की बघत राहावं, पण मशीनची भीती. आमचे कटिंग मास्तर भला माणूस, पण दर दोन पीसला त्यांच्या हातातलं कापड ओढून घेऊन स्वतः मारून द्यायचे, का तर लवकर होतं. मी मास्तरांना म्हटलं, हात मागे बांधा. चिंध्यांवर खराब होऊ दे, उशीर होऊ दे, पण त्यांच्या हातून होऊ दे. आज त्याच अक्का नवीन आलेल्या बायकांना तेलुगू-मराठी मिसळून शिकवतात आणि मास्तरांना तिकडे फिरकूही देत नाहीत. किती मालक बघितलेत मी, वीस-वीस वर्षं झाली तरी कापडाचा प्रत्येक तागा स्वतः मोजणार, प्रत्येक फोन स्वतः घेणार, आणि मग म्हणणार माणसं मिळत नाहीत. मिळतात ओ, तुम्ही त्यांना बटण लावूच देत नाही!

हो, कामाला येणाऱ्या बायका म्हणजे लेकरं नव्हेत, माहितीये. अक्का माझ्या आईच्या वयाच्या आहेत. मी इथे शिकवणाऱ्याने स्वतःचे हात कसे आवरायचे ते बोलतेय.

आणि ते सगळ्यात वरचं बटण. ते तिला का जात नव्हतं? काज टाईट होतं आणि बटण बारीक, मोठ्यांच्या शर्टाचंच माप छोटं करून मारलेलं. आम्ही नर्सरी-केजीच्या सॅम्पलला बटण मोठं केलं, काज सैल केलं, चड्डीचा हूक काढून पूर्ण इलॅस्टिक टाकलं. दुकानदार म्हणाले कशाला, बाई लावून देतील ना शाळेत. एका बाईपुढे तीस-तीस लेकरं, त्यातल्या एकाला सू लागलीय आणि हूक निघत नाहीये, हे चित्र ज्याने बघितलंच नाही त्याला काय कळणार? आता तेच दुकानदार लहान साईझ आमच्याकडूनच मागतात. स्टेजवरच्या त्या साहेबांना हे सात जन्मात सुचलं नसतं, कारण लेकराला कपडे घालायचं काम त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. राग येतो मला. एवढी माहिती हातात असलेल्या बाईलाच तुम्ही घरी बसवताय.

उधारीचं सांगते. लेकराला "नाही" म्हटलं आणि दुसऱ्या रडण्याला "बरं घे" केलं, की त्या दिवसापासून तुमच्या "नाही"ला किंमत शून्य. म्हणून "नाही" कमी वेळा म्हणायचं, पण म्हटलं की म्हटलं. आमच्या धंद्यात माल जूनला जातो आणि पैसे दिवाळीला येतात, काहींचे तर पुढच्या सीझनला. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांच्या वर लांबवता येत नाही असं स्पष्ट आहे, पण बिल मागायला गेलं की कायदा कोण ऐकतो. एका मोठ्या पार्टीला मी सांगितलं, शेठ, जुनं बिल मिटलं की गाडी भरते. ते फोनवर ओरडले, दुसरीकडून घेईन म्हणाले. भर बाजारात फरशीवर आडवं पडून किंचाळणाऱ्या लेकरासमोर आवाज न चढवता उभी राहिलेली बाई आहे मी, फोनवरच्या ओरडण्याने काय होणार? दोन आठवड्यांत पैसे आले. शेठ आजही आमचेच गिऱ्हाईक आहेत.

लिहिता लिहिता बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांची आठवण आली. १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, १९५७ ला कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ सोबत. आदिवासी पाड्यावरची लेकरं शाळेत येत नव्हती, कारण कुणी गुरं राखतंय, कुणी धाकटं भावंड सांभाळतंय. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, यांना शिकायचंच नाही. बाईंनी शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. अंगणवाडी, कुरणशाळा, हे सगळं तिथलं. माझ्या मते आपल्याकडे धंदा शिकायचा असेल तर कोसबाडपासून सुरू करावं, समोरचा येत नसेल तर का येत नाही हे त्याच्या घरात जाऊन बघणारं दुसरं कोण होतं?

आमच्याकडे बायकांचे खाडे पडायचे. आळशी आहेत, असं सगळे म्हणायचे. घरोघरी जाऊन विचारलं तर कळलं पाणी! सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि आलं की घरातल्या बाईला हलताच येत नाही. मग गल्लीनुसार पाण्याचा दिवस फळ्यावर लिहिला. त्या दिवशी ती बाई उशिरा येणार किंवा धागे कापायचं, बटणं लावायचं काम घरी नेणार. खाडे जवळजवळ बंद. कारखान्याच्या मागच्या खोलीत झोळीही बांधलीय, लेकराला घेऊन या. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर हवंच असं मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आलं, आमची माणसं त्याच्या कितीतरी खाली, पण आकड्याची वाट कशाला बघायची?

घरात सासूबाई आहेत म्हणून मला जमलं, हेही खरं. सगळ्यांना नसतात. पण मग मदत कशी करायची ते बोला ना स्टेजवरून, थांब काय सांगता?

राग उतरलाय आता थोडा. त्या मुलीचा चेहरा मात्र डोळ्यापुढून जात नाहीये. इतकी नीट बोलत होती, कोणत्या मशीनला किती वीज लागते ते सुद्धा काढून आणलं होतं तिने, आणि बोलता बोलता पोराच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा. एका हाताने दोन कामं, आवाजात घाई नाही.

बाहेर पडताना तिला गाठलं, नंबर घेतला. सोमवारी येतेय युनिटवर, पोराला घेऊनच ये म्हटलंय. पहिले काही पीस आमच्याकडचेच देणार, कटिंग करून, रेट अक्कांना मिळतो तोच. मशीनसाठी मुद्रा लोनच्या कागदांना मी तिच्यासोबत बँकेत जाईन. कुणाकडे जुनी पण चालू ओव्हरलॉक विकायची असेल तर इनबॉक्स करा, मोटरसकट हवी, आणि किंमत वाजवी सांगा, मी मशीन उघडून बघितल्याशिवाय घेत नाही.