कोबीच्या सूपने 5 किलो चरबी? एक खुलासा

‘7 दिवस फक्त कोबीचं सूप प्या, 5 किलो चरबी वितळेल’ हा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. काटा खाली येतो हे खरं, पण गेलेलं बहुतेक वजन चरबीचं नसतं.

हिशेब करून पाहा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. 5 किलोंसाठी रोज 5,500 कॅलरींची तूट हवी. बहुतेकांचं शरीर दिवसभरात 2,000 ते 2,500च खर्च करतं; कडकडीत उपवास केला तरी आकडे जुळत नाहीत. मग वजन जातं कुठे? यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचं राखीव रूप) साठवलेलं असतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी. खाणं तोडलं की आधी हे संपतं, नेहमीचं जेवण सुरू झालं की परत येतं. प्रथिनांअभावी स्नायूही झिजतात, ते जास्त वाईट.

सूप जेवणात जरूर घ्या. पण मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा उपासमारीत धोकादायक उतरू शकते, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.