लाजलेली नवरी आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स

नवरीचा चेहरा गुलाबी आला होता. गुलाबी म्हणजे रंगपंचमीला कोणीतरी दोन्ही गालांना चोळून पळून जावं तसा. नवरदेवाचा पांढरा कुर्ता गुलाबी, मागची भिंत गुलाबी, मुंडावळ्यांचे मोती तर डाळिंबाचे दाणे. बारा बाय अठराची प्रिंट, २६० जीएसएमचा सॅटिन कागद, सगळा वाया. काउंटरपलीकडे नवरीची मावशी हातात फोन धरून "यात बघा की कशी दिसतेय" म्हणत उभी. आणि मावशींच्या मागे, आधारकार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढायला आलेले एक काका.

झेरॉक्स मशीन तापायला दोन मिनिटं घेतं. तेवढी काकांना पुरली.

"काय झालं?" त्यांनी मान लांब करून विचारलं.

"काही नाही हो. प्रोफाइलची गडबड आहे."

"कुणाच्या? मुलाच्या?"

"नाही, प्रिंटरच्या."

"प्रिंटिंगमध्ये आहे होय मुलगा! अहो, हे असंच चालतं. आमच्या पुतणीच्या वेळी प्रोफाइलवर इंजिनिअर लिहिलं होतं. निघाला डिप्लोमा. तोसुद्धा दोन विषय राहिलेला."

मावशींचा चेहरा आता फोटोतल्या नवरीच्या नेमका उलट, पांढराफटक. "अहो, पण लग्न झालंय! मागच्या महिन्यात!"

"मग आता काय करता," काका म्हणाले. "आधी बघायला पाहिजे होतं ना."

दोघांना शांत करण्यात माझी पाच मिनिटं गेली. तोवर मशीन तापून पुन्हा झोपलं होतं.

खरं सांगायचं तर काका फार चुकले नव्हते. कलर प्रोफाइल, म्हणजे कागदावर कुठला रंग कसा उतरतो आणि त्याला काय दुरुस्ती लागते हे सांगणारी फाइल, ही पत्रिकाच असते. हा प्रिंटर, ही शाई, हा कागद आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, निवडलेला हा कागदाचा प्रकार, अशी चौघांची मिळून एक. त्यातला एक बदलला की ती पत्रिका रद्दीत. ड्रायव्हरमध्ये मॅटच्या जागी ग्लॉसी निवडलं, की शाईचं प्रमाण बदलतं आणि सावल्या चिखलासारख्या भरून येतात. स्वस्तातली शाई भरून "पण प्रिंटर तोच आहे ना?" विचारणारेही भेटतात. मुलगी बदलली तरी मांडव तोच आहे ना, त्यातलाच प्रकार.

आणि हे प्रोफाइल कागदाच्या कंपनीकडून फुकट आलेलं नव्हतं, हाताने बनवलेलं होतं. यात काय काय करावं लागतं, हे एकदा कोणीतरी ऐकून घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे. काउंटरवर कोणी ऐकत नाही.

आधी नोझल चेक. म्हणजे हेडमधली शाई फेकणारी छिद्रं तपासायची, सहाही रंगांच्या रेघा सलग हव्यात. लाइट मॅजेंटाची, म्हणजे फिकट गुलाबी शाईची, एखादी रेघ तुटकी असताना तक्ता छापला, तर प्रोफाइल त्या उणिवेलाच प्रिंटरचा स्वभाव समजतं आणि पुढे हेड साफ झालं तरी मॅजेंटा वाढवतच राहतं. मग ९१८ रंगीत चौकोनांचा तक्ता, कसलीही रंगदुरुस्ती न लावता छापायचा. फोटोशॉपच्या प्रिंटच्या खिडकीत हा पर्याय सीएस५ पासून, म्हणजे २०१० पासून, नाही. त्यासाठी अडोबीचीच कलर प्रिंटर युटिलिटी नावाची छोटी फुकट सोय आहे. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमधून छापताना 'पानाला बसवा'वरची खूण काढायची राहिली, तर चौकोन आक्रसतात आणि चौकोनांचे रंग मोजणारं यंत्र ओळीच्या मध्येच हात वर करतं.

छापल्या छापल्या मोजायचं नाही. डाय शाई पहिले काही तास रंग बदलत असते. रात्रभर मोकळी ठेवावी, एकावर एक पानं रचू नयेत. सकाळी पट्टी लावून, हाताचा वेग न बदलता, एकेक ओळ यंत्राने वाचायची; त्या आकड्यांवरून प्रोफाइल बनतं. खाली कोऱ्या पांढऱ्या कागदांची गादी हवी, नाहीतर टेबलाचा चॉकलेटी सनमायका कागदातून डोकावतो आणि आकड्यांत शिरतो. पंखा बंद. दुकानात पंखा बंद केला की गिऱ्हाईक विचारतं, लाइट गेली का.

शिवाय कागदाचा पांढरेपणा ही एक फसवाफसवी आहे. पांढऱ्याशुभ्र स्वस्त कागदात ऑप्टिकल ब्राइटनर असतं. कपड्यांना टिनोपॉल घालायचे ना, तोच प्रकार. अतिनील प्रकाश पडला की कागद निळसर उजळतो. यंत्राला तो निळा दिसतो, आणि प्रोफाइल निळेपणा मारायला प्रत्येक फिकट रंगात इमानेइतबारे पिवळं घालतं. मोजणीच्या एम०, एम१, एम२ अशा पद्धती त्यासाठीच आहेत. एम२ मध्ये अतिनील गाळलेला असतो, एम१ मध्ये दिवसाच्या उजेडाइतका धरलेला. माझ्या दुकानात उजेड ट्यूबचा आणि समोरच्या मोबाइल दुकानाच्या जांभळ्या पाटीचा. त्यासाठी एम किती, ते अजून ठरायचं आहे.

हे सगळं व्यवस्थित झालेलं होतं, तरी नवरी गुलाबी. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या फोटोवर निदान करू नये. गव्हाळ रंग नेमका कसा असावा यावर घरातल्या चौघांची चार मतं असतात, करड्याबद्दल मात्र वाद होत नाही. म्हणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करडी पट्टी छापली. आडव्या बारीक रेघा दिसल्या तर दोष नोझलचा. रंग बरोबर पण सगळंच अंधारं असेल तर प्रिंटरला शिव्या देऊ नयेत, मॉनिटर फार उजळ आहे. प्रिंटच्या कामाला चौरस मीटरला ८० ते १२० कॅन्डेला इतका उजेड पुरतो, खोक्यातून निघालेला मॉनिटर त्याच्या दुप्पट-अडीचपट तळपत असतो. माझी पट्टी वरपासून खालपर्यंत सारखी गुलाबी होती. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: रंगाचं काम दोघांनी केलंय.

आमटीत सासूने मीठ घातलं, सुनेनेही घातलं. फोटोशॉपला सांगितलेलं होतं की रंग तू सांभाळ, प्रोफाइल हे घे. त्याच वेळी ड्रायव्हरमध्ये 'रंगदुरुस्ती नाही' अशी खूण हवी. ती मी केलेली होती. पण रविवारी ड्रायव्हर नव्याने टाकला आणि खूण गुपचूप पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर जाऊन बसली. म्हणजे दुरुस्त झालेल्या रंगांची ड्रायव्हरने आणखी एकदा दुरुस्ती केली. खूण बदलली, फोटो पुन्हा छापला. कुर्ता पांढरा, मोती मोत्यांसारखे, नवरी गव्हाळ. करडी पट्टी करडी. यंत्राने मोजून बघितलं तर सरासरी फरक दीड डेल्टा-ईच्या आत, म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल न कळेल इतका. दोन्ही प्रिंटा शेजारी शेजारी काउंटरवर मांडल्या. मला वाटलं, आता बोलायला काही उरलं नाही.

मावशींनी फोन प्रिंटला टेकवला. फोनचा उजेड पूर्ण, रंग 'व्हिव्हिड'वर, आणि वर डोळ्यांना आराम देणारा तो पिवळा पडदा चालू. "यात पोपटी शालू कसा चमकतोय बघा. तुमच्यात झोपलाय." फोनचा स्क्रीन स्वतः उजेड फेकतो, कागद समोरचा उजेड फक्त परत देतो, आणि तसला झगझगीत पोपटी सहा शाया मिळूनही कागदावर उतरत नाही, हे मी सांगितलं. छापण्याआधी फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे कागदावर काय उतरेल त्याची नक्कल, लावून कंट्रोल आणि वाय दाबलं की हे पडद्यावरच कळतं, हेही सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग दाबायचं ना."

शेवटी त्यांनी न्याय मागितला काकांकडे. माझ्याकडे नाही. चांगल्या सेकंडहँड स्कूटरच्या किमतीचं मोजणी यंत्र माझ्या हातात होतं, काकांच्या हातात आधारकार्ड. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही प्रिंटा डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरल्या, एकदा ट्यूबखाली पाहिल्या, एकदा दारात नेऊन पाहिल्या. (दारात नेऊन बघणं अगदी बरोबर, हे मला नाइलाजाने कबूल केलं पाहिजे.)

"ही," ते म्हणाले. गुलाबी.

"काका, ती बिघडलेली आहे."

"असेल. पण त्या दुसरीत मुलगी टायफॉइडमधून उठल्यासारखी दिसते. हीत कशी लाजलीय!"

"तिचा नवरासुद्धा लाजलाय. भिंतसुद्धा लाजलीय."

"लग्नघर आहे," काका म्हणाले.

मावशींनी गुलाबी नवरी गुंडाळून घेतली. पैसे एकीचेच दिले, कारण "दुसरी काही आम्ही सांगितली नव्हती". दोन मोठे कागद, दोन्हींची शाई, रात्रभर वाळवण, ९१८ चौकोन, सगळं त्या एका प्रिंटच्या भावात. तो भाव वाढवायची सोय नाही. वाढवला की लोक म्हणतात, झेरॉक्स तर दोन रुपयांत होते. काकांनी चार रुपये मोजून ठेवले, आधारकार्डाची प्रत उजेडात धरली आणि म्हणाले, "मागची बाजू जरा फिकट आलीय का हो?"

रात्री साडेनऊला मावशींचा फोन. सगळ्यांना फार आवडली, पाहुण्यांना द्यायला चाळीस प्रती पाहिजेत, पण अगदी तश्शाच. रंग जराही बदलायला नको.

आता एकदा झालेली चूक चाळीस वेळा तशीच करायची, तर तीही नेटकेपणाने करावी लागते. ड्रायव्हरमधली सगळी मांडणी 'लाजलेली नवरी' या नावाने साठवून ठेवली आहे. प्रिंटरच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे, दुकानात काम करणाऱ्या पोरासाठी: फोटोशॉपमध्ये प्रोफाइल चालू. ड्रायव्हर ऑटोमॅटिक. कागद सॅटिन, आधी नोझल चेक. दोन्ही चालू दिसलं म्हणून शहाणपणा करून एक बंद करू नये.